मदत हवी आहे: एडीएफ४३५१ वापरून १०४८९.७५ मेगाहर्ट्झचा टेस्ट सिग्नल, लॉक लागत नाही

धागाकर्ता

क्यूओ-१०० या हौशी रेडिओ उपग्रहाचा नॅरोबँड डाउनलिंक (उपग्रहाकडून खाली येणारे अरुंद पट्ट्याचे सिग्नल) ऐकायचा आहे. डिश गच्चीवर चढवण्याआधी एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा भाग) आणि आरटीएल-एसडीआर (यूएसबीवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) टेबलावरच तपासून घ्यायचे आहेत. १० गिगाहर्ट्झचा तयार सिग्नल जनरेटर परवडणारा नाही, म्हणून एडीएफ४३५१ या फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपचं स्वस्त मॉड्यूल घेतलं. ही चिप ४४०० मेगाहर्ट्झपर्यंतच जाते, पण ३४९६.५८३३ चा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) बरोबर १०४८९.७५० वर, म्हणजे उपग्रहाच्या मधल्या बीकनवर (खुणेच्या कायम सिग्नलवर) येतो.

मॉड्यूलवर २५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आहे. आर्डुइनो नॅनोच्या पिना थेट डेटा, क्लॉक आणि एलई ला जोडल्या आहेत. लायब्ररीतलं १००० मेगाहर्ट्झचं उदाहरण चालतं, लॉकचा (फ्रिक्वेन्सी स्थिर झाल्याचा) एलईडी लागतो, एसडीआरवर सिग्नलही दिसतो. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये मात्र एलईडी विझलेलाच राहतो. हिशेब असा: ३४९६.५८३३ ÷ २५ = १३९.८६३३, म्हणून इंट (पूर्णांक) १३९, फ्रॅक (अपूर्णांकाचा अंश) २५९, मॉड (छेद) ३००. चिपच्या आर-० रजिस्टरमध्ये (१३९ << १५) | (२५९ << ३) टाकतोय. कुठे चुकतंय? आणि लॉक लागल्यावर सिग्नल नक्की कुठे शोधायचा?

प्रतिसाद १

हिशेब बरोबर आहे, चूक कोडमध्ये आहे. नॅनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो. १३९ << १५ त्यात मावत नाही. वरचे बिट गळतात, उरलेली संख्या ऋण ठरते, आणि ३२ बिटांत जाताना वरचे सगळे बिट १ होतात. चिपला इंट १३९ ऐवजी ६५५३५ मिळतो. आर-१ मध्ये फेज १ ठेवण्यासाठी १ << १५ लिहिलं असेल तर तिथेही हेच होतं. शिफ्ट करण्याआधी संख्या ३२ बिटी अनसाइन्ड करा.

आधी शिफ्टच्या भानगडीत न पडता तयार आकडे टाकून बघा. दशमान आहेत, तसेच्या तसे चालतील:

आर-५: ५७६७१७३
आर-४: ९२०७८६८
आर-३: १२०३
आर-२: ४०२६७३२१८
आर-१: ३५१६९
आर-०: ४५५६८२४

क्रम हाच हवा, ५ पासून ० कडे. व्हीसीओचा (चिपमधल्या व्होल्टेजने बदलणाऱ्या ऑसिलेटरचा) बँड निवडण्याचं काम आर-० लिहिल्यावरच सुरू होतं, म्हणून तो शेवटी. यात प्रीस्केलर (व्हीसीओची फ्रिक्वेन्सी आधी भागणारा भाग) ४/५ धरला आहे (३६०० मेगाहर्ट्झच्या वर जायचं असेल तर ८/९ लागतो), बँड सिलेक्ट भाजक २००, चार्ज पंप २.५ मिलिअँपिअर, आउटपुट +५ डीबीएम. सर्वांत वरचा बिट आधी पाठवा आणि ३२ बिट झाल्यावरच एलई पिन हाय करा.

प्रतिसाद २

कोडच्या आधी वायरी सुधारा. एडीएफ४३५१ ही ३.३ व्होल्टची चिप आहे. ५ व्होल्ट थेट दिले तर आत्ता चालेल, पण पिनमधून सप्लायकडे करंट ढकलला जातो आणि चिप कधीतरी दगा देते. तिन्ही रेषांवर १ किलो-ओहम सिरीजमध्ये आणि १.८ किलो-ओहम ग्राउंडला लावा, ३.२ व्होल्ट मिळतील. लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीत हे रेझिस्टर पाकिटाने मिळतात. डिव्हायडर नको असेल तर ३.३ व्होल्टचा प्रो मिनी वापरा. सीई (चिप चालू करणारी) पिन हाय ठेवलेली आहे ना, तेही पाहा.

मॉड्यूलला लॅपटॉपच्या यूएसबीवरून सप्लाय देऊ नका. त्यातला गोंगाट व्हीसीओला मॉड्युलेट करतो, आणि तिसऱ्या हार्मोनिकवर फेज नॉइज ९.५ डीबीने वाढलेलाच असतो. वेगळा लिनियर ५ व्होल्ट सप्लाय द्या.

प्रतिसाद ३

आता सिग्नल शोधण्याविषयी. एलएनबीच्या लेबलवर ९७५०/१०६०० (आतल्या ऑसिलेटरचे मेगाहर्ट्झ) लिहिलेलं हवं आणि ती पीएलएल जातीची हवी. जुन्या डीआरओ एलएनबीचा ऑसिलेटर तापमानाबरोबर इतका सरकतो की नॅरोबँडसाठी तिचा उपयोग नाही. सप्लाय सुमारे १३ व्होल्ट, म्हणजे व्हर्टिकल पोलरायझेशन. २२ किलोहर्ट्झचा टोन नको, नाहीतर ती १०६०० वर उडी मारेल. हे व्होल्ट एसडीआरमध्ये शिरता कामा नयेत, मध्ये बायस-टी (केबलमधून सप्लाय फक्त एलएनबीकडे पाठवणारा जोड) हवाच. आरटीएल-एसडीआरच्या स्वतःच्या बायस-टीचे साडेचार व्होल्ट एलएनबीला पुरत नाहीत.

जनरेटरच्या एसएमए सॉकेटवर ७ मिलिमीटरची सरळ तार पुरे, ती १०.४९ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी होते. आउटपुट खाली, मायनस १ डीबीएमच्या पायरीवर आणा आणि एलएनबी मीटरभर लांब, थोडी तिरकी ठेवा. मूळ ३४९६ चा सिग्नल एलएनबीच्या तोंडातून आत येऊ शकत नाही, तिथला वेव्हगाइडच तो अडवतो. वेगळा फिल्टर लागत नाही.

एलएनबी १०४८९.७५० मधून ९७५० वजा करते, म्हणून एसडीआर ७३९.७५० वर लावा आणि दोन्ही बाजूंना २०० किलोहर्ट्झ शोधा. ऑसिलेटरच्या दर एक पीपीएम (दहा लाखात एक) चुकीला एलएनबी ९.७५ आणि जनरेटर १०.४९ किलोहर्ट्झ सरकतो, त्यामुळे नेमक्या आकड्यावर काही दिसलं नाही तर घाबरू नका.

दिसलेला सिग्नल आपलाच आहे का, हे कळायला फ्रॅक बदला. २५ मेगाहर्ट्झ भागिले ३०० म्हणजे ८३.३३ किलोहर्ट्झची पायरी, तिसऱ्या हार्मोनिकवर ती बरोबर २५० होते. म्हणून फ्रॅक २५८, २५९, २६० ला अनुक्रमे १०४८९.५००, १०४८९.७५० आणि १०४९०.००० मिळतात, म्हणजे ट्रान्सपॉन्डरचे (उपग्रहावरच्या सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्राचे) खालचा, मधला आणि वरचा असे तिन्ही बीकन! आर-० साठी आकडे ४५५६८१६, ४५५६८२४, ४५५६८३२. एसडीआरच्या पडद्यावरचं सिग्नलचं टोक बरोबर २५० किलोहर्ट्झ सरकलं तरच तो तिसरा हार्मोनिक. मॉड ३०० तुम्ही ठरवून घेतला असो वा नसो, फार सोयीचा पडला आहे.

धागाकर्ता

अनसाइन्ड केल्यावर लगेच लॉक लागला. डिव्हायडरही लावले. सिग्नल ७३९.७९० ला सापडला आणि फ्रॅक बदलल्यावर २५० ने सरकतो. दोन गोष्टी उरल्या. मुख्य टोकाच्या दोन्ही बाजूंना साधारण १४ किलोहर्ट्झवर छोटी टोकं आहेत. आणि ही ४० किलोहर्ट्झची चूक एलएनबीची की जनरेटरची, ते कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

ती छोटी टोकं फ्रॅक्शनल स्पर (अपूर्णांकी भागाकारातून येणारे नको असलेले सिग्नल) आहेत. मॉडला ६ ने भाग जातो तेव्हा ते पायरीच्या एक षष्ठांश अंतरावर येतात: ८३.३३ ÷ ६ = १३.९. आर-२ मध्ये २०१३२८५९५४ टाकून लो-स्पर मोड लावा आणि पुन्हा आर-० लिहा. टोकं दबतील, बदल्यात आजूबाजूचा नॉइज थोडा वाढेल. एलएनबी तपासायला दोन्ही चालतं.

प्रतिसाद ३

चूक वेगळी काढायला आर-४ मध्ये ११३०५०२० टाका, म्हणजे आउटपुट ४ ने भागलं जाऊन ८७४.१४५८ मेगाहर्ट्झ होईल. तार काढा. जनरेटर ४० डीबीच्या अटेन्युएटरमधून केबलने थेट एसडीआरला जोडा. इथे अँटेना लावू नका, हा मोबाइलच्या डाउनलिंकचा पट्टा आहे. दिसणारा फरक १२ ने गुणा, तो १० गिगाहर्ट्झवरचा जनरेटरचा वाटा. उरलेला जवळपास सगळा एलएनबीचा. १ पीपीएम टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा ऑसिलेटर) असलेला एसडीआर असेल तर ही मोजणी साधारण १० किलोहर्ट्झपर्यंतच खात्रीची, कारण त्याची चूकही १२ पट होते.

त्याहून नेमकं हवं असेल तर ऑसिलेटर काढून त्याजागी जीपीएसला बांधलेले १० मेगाहर्ट्झ द्या: इंट ३४९, फ्रॅक ७९, मॉड १२०, बँड सिलेक्ट भाजक ८०. पायरी तीच ८३.३३ राहते, त्यामुळे फ्रॅक ७८, ७९, ८० ला पुन्हा तेच तीन बीकन. लूप फिल्टर २५ मेगाहर्ट्झसाठी बसवलेला असतो, इथे लूप मंदावतो, म्हणून चार्ज पंप ५ मिलिअँपिअर करा.

मोजणीआधी एलएनबी आणि मॉड्यूल दोन्ही अर्धा तास चालू ठेवा, पंखा बंद. डिश लावताना पुण्याहून उपग्रह सुमारे ३२ अंश उंचीवर, उत्तरेपासून २५४ अंशांच्या दिशेला मिळेल.