शब्दचर्चा: उपचार, चिकित्सा, तुंबडी आणि 'गुण येणे'

चौकस:

पुण्यातल्या एका वेलनेस सेंटरचं माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय. मसाज, अरोमाथेरपी, रेकी, अ‍ॅक्युपंक्चर, कपिंग, प्राणायाम, सगळं एकाच छपराखाली आणि वर मथळा 'कॉम्प्लिमेंटरी थेरपीज'. माझ्या आधी ज्याने कुणी हे काम केलं, त्याने हॉटेलातल्या कॉम्प्लिमेंटरी नाश्त्याच्या चालीवर सरळ 'मोफत उपचार' लिहून टाकलं. छापून वाटलंही. मग फोन सुरू झाले.

तर आता मी. 'पूरक उपचार' म्हणू की 'पर्यायी चिकित्सा'? उपचार, चिकित्सा, इलाज, उपाय हे शब्द आपण कसेही एकमेकांच्या जागी घालतो, पण ते खरंच एक आहेत का? आणि प्रत्येक सेवेखाली 'बेनिफिट्स' आहेत. 'फायदे' लिहिलं की दुकान वाटतं, 'लाभ' लिहिलं की राशिभविष्य.

पाटपाणी:

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पूरक म्हणजे मुख्य काहीतरी चालू आहे आणि हे त्याच्या जोडीला. पर्यायी म्हणजे ते सोडून हे. रक्तदाबाची गोळी घेऊन संध्याकाळी शवासन केलं तर ते पूरक. शवासन करतो म्हणून गोळी बंद केली की ते पर्यायी झालं. पत्रकात एकच शब्द धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

उपचार हा मुळात औषधाचा शब्दच नव्हे. उप आणि चर्, जवळ राहून सेवा करणे. देवाची षोडशोपचारे पूजा होते ती याच अर्थाने, आणि घाई असेल तर पंचोपचारांवर भागवतात: गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. 'औपचारिक' त्यातूनच आला. आजाऱ्याची उठाबस करणं हा त्याच सेवेचा एक भाग. (अवांतर: मंद दिवे, चंदनाची धूपकांडी, कपाळाला गार लेप, टेबलावर फुलं आणि निघताना हर्बल चहा. स्पा म्हणजे पंचोपचार पूजाच की. फक्त इथला देव जाताना बिल भरतो.)

चिकित्सा मात्र भारी शब्द आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'गुप्तिज्किद्भ्यः सन्'. गुप्, तिज्, कित् या तीन धातूंपासून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा असे तीन शब्द सिद्ध होतात. तिथे चिकित्सेचा अर्थ रोगाचा प्रतिकार. मराठीने त्याला आणखी एक अर्थ जोडला, कसून तपासणे. भांडारकर संस्थेने महाभारताची काढली ती चिकित्सक आवृत्ती, आणि आई ओरडायची ती 'जेवताना फार चिकित्सा करू नकोस'. ज्याला स्वतःची चिकित्सा करून घ्यायची तयारी नाही, त्याने 'अमुकचिकित्सा' असं नाव लावू नये असं माझं मत. तेव्हा रेकीला 'स्पर्शचिकित्सा' नको. 'रेकी उपचार' म्हणा. सेवा तर होतेच.

जर्सीवासी:

पूरक आणि पर्यायी हा घोळ इथे अमेरिकेत सरकारी पाटीवरच झाला होता. संशोधनासाठी १९९८ मध्ये जे राष्ट्रीय केंद्र केलं, त्याच्या नावात 'कॉम्प्लिमेंटरी' आणि 'अल्टर्नेटिव्ह' दोन्ही शब्द होते. २०१४ च्या डिसेंबरात त्यातला 'अल्टर्नेटिव्ह' काढून 'इंटिग्रेटिव्ह' घातला. म्हणजे आता पूरक आणि एकात्मिक. नेहमीच्या उपचारांऐवजी म्हणून हे वापरणारे लोक मुळात थोडेच, बहुतेक जण जोडीनेच घेतात, असं कारण तेव्हा दिलं होतं. पाटपाणीकाका म्हणतात तोच भेद.

सहाण:

मी बीएएमएस (आयुर्वेदाचा पदवीधर) आहे, म्हणून मध्ये पडतो. आयुर्वेदाला 'पूरक' म्हटलं की आमच्यातल्या कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. कायद्याने तो स्वतंत्र वैद्यकशास्त्र आहे, त्याची पदवी आहे, नोंदणी आहे. 'आयुष' हा शब्द २००३ चा, मंत्रालय २०१४ चं. आयुर्वेद, योग आणि निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची ती मोट आहे आणि योगायोगाने (की मुद्दाम) संस्कृत शब्दासारखी दिसते. तुमच्या सेंटरमध्ये नोंदणीकृत वैद्य नसेल तर पत्रकात 'आयुर्वेदिक चिकित्सा' लिहू नका. 'अभ्यंग' लिहा, कुणी काही म्हणणार नाही.

एक शब्द माझ्याकडून: वळसा. बाळगुटी देताना मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, अतिविष सहाणेवर उगाळतात. त्याचं माप चमच्यात नसतं, वळशात असतं, म्हणजे सहाणेवर फिरवलेल्या एका गोल फेरीत. जायफळाचा अर्धाच वळसा, नाहीतर बाळ गुंगीत पडून राहतं. मुरुडशेंग पिळाची असते आणि पोटातल्या मुरड्यावर देतात, रूप आणि रोग यांची अशी जोडी जुन्या औषधांत पुष्कळ. आणि 'मात्रा'! शेवटच्या घटका मोजणाऱ्याला हेमगर्भ या आयुर्वेदिक औषधाची मात्रा चाटवत, त्यावरूनच एखादी मात्रा 'लागू पडते' नाहीतर कुणापुढे आपली मात्रा 'चालत नाही'.

स्टेथो:

वैद्यबुवा, मात्रेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगा की हेमगर्भात पारा असतो. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांचा अभ्यास २००८ मध्ये अमेरिकेत झाला. १९३ औषधं तपासली, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. 'नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही' हे वाक्य पत्रकात असेल तर आधी ते खोडा. करायला गेलो उपाय अन् झाला अपाय, ही म्हण उगीच नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मानली नाही, वाद झाला. पण करोनात काढे घरोघरी किती उकळले जात होते ते आठवा.

सहाण:

शोधन (शुद्धीकरण) न केलेली धातुद्रव्यं आणि भेसळ यांचं खापर शास्त्रावर फोडू नका, एवढंच. तपासणी व्हावी याला माझा विरोध नाही.

बार्शी लाईट:

सगळे जड जड बोलताहेत, मी तुंबडीवर येतो. कपिंगला मराठीत शब्द आहे की हो! तुंबडी लावणे. वाळलेल्या दुधी भोपळ्याचं तोंड कापायचं, आत काकडा पेटवायचा आणि दुखऱ्या जागी पालथा घालायचा. हवा निवली की कातडी आत ओढली जाते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पोहणाऱ्या फेल्प्सच्या खांद्यावर ते गोल डाग दिसले आणि आपल्याकडे 'नवीन थेरपी' म्हणून बोर्ड लागले. 'आपली तुंबडी भरणे' हा वाक्प्रचारही इथूनच आला असणार, दुसऱ्याचं रक्त ओढायचं आणि स्वतःचं भरायचं.

पाटपाणी:

वस्तू बरोबर, वाक्प्रचार नाही पटत. तुंबडी लावणाऱ्याला त्या रक्ताचा काय उपयोग? ते फेकूनच देतात. गोसाव्याची भिक्षेची तुंबडी धरा, मग अर्थ सरळ लागतो. दारोदार फिरून जो तो आपलीच भरतो.

भोपळ्याचा पुरावा मात्र फार जुना आहे. सुश्रुताने रक्त काढण्याची तीन साधनं सांगितली: शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे भोपळा. वातात शिंग, पित्तात जळू, कफात भोपळा. आत दिवा ठेवायचा हेही तिथे आहे. जळवांचे तर बारा प्रकार, सहा विषारी आणि सहा बिनविषारी.

स्टेथो:

आणि ते जांभळे डाग म्हणजे 'बाहेर पडलेली विषारी द्रव्यं' नव्हेत. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, साधा मुका मार. 'डिटॉक्स'ला मराठी शब्द शोधत बसू नका. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती बिल पाठवत नाहीत.

वऱ्हाडी ठेचा:

'उतारा' कुणीच काढला नाही? विषावर उतारा असतो, तापाला उतार पडतो. चौरस्त्यावर नारळ, लिंबू, भात ठेवलेला असतो तोही उताराच, पीडा अंगावरून उतरवून टाकायची. सातबाराचा उतारा वेगळा, तो पीडा आणतो. आमच्या मेळघाटात लहान लेकराच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देतात, त्याला डम्मा म्हणतात. तोही 'उपचार'च म्हणवला जातो, म्हणून या शब्दाला फार सोज्वळ समजू नका. साप-विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा २०१३ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. 'पर्यायी' शब्दाची शेवटची हद्द ती.

चौकस:

सगळ्यांचे आभार. तुंबडीबद्दल सेंटरला विचारलं, म्हणाले 'मॅडम, हे छापलं तर कोण येईल?' कपिंगच राहणार. पण 'बेनिफिट्स'चं काय? इंग्रजी मजकुरात 'तणावमुक्ती', 'प्रतिकारशक्तीत वाढ', 'मधुमेहावर प्रभावी' असं एका दमात म्हटलंय. मला 'गुणकारी' सुचतंय.

स्टेथो:

'मधुमेहावर प्रभावी' काढाच. १९५४ च्या कायद्याने काही आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे आणि त्या यादीत मधुमेह आहे.

बाकीच्यांसाठी मराठीत फार बारीक सोय आहे, ती वापरत नाही आपण. ओपीडीत रोज ऐकतो. 'बरं वाटतंय' म्हणणारा पेशंट आणि 'बरा झालो' म्हणणारा पेशंट वेगळा असतो. 'आराम पडला' म्हणजे दुखणं थांबलं, आजार गेलाच असं नाही. 'उतार आहे' म्हणजे कमी होतंय. 'गुण आला' म्हणजे ह्या औषधाने झालं, असं पेशंटला वाटतंय. पुन्हा तिखट मिसळ खाऊन आला की तोच म्हणतो, 'गुण आला होता हो, पण टिकला नाही.'

मसाजने बरं वाटतं, त्याबद्दल वाद नाही. योगासनांनी जुनी कंबरदुखी थोडी हलकी होते याला चाचण्यांचा आधार आहे. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये खऱ्या सुईऐवजी कातडीत न शिरता स्वतःच्या दांड्यात सरकणारी खोटी सुई वापरून चाचण्या केल्या, तेव्हा खोटीनेही पुष्कळांना आराम पडला आणि खऱ्या-खोट्यातला फरक लहान निघाला. होमिओपॅथीबद्दल ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये स्पष्टच सांगितलं, एकाही आजारावर ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. पण 'गोड गोळ्यांनी गुण आला' म्हणणारी माणसं माझ्याच घरात आहेत. ती खोटं बोलत नाहीत. त्यांना जे झालं त्याला मराठीत 'बरं वाटलं' म्हणतात.

काजूबी:

यावर 'हातगुण' हा शब्द कसा विसरलात? औषध तेच, पण अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. जे तासभर शांतपणे ऐकून घेतात, नाडी धरतात, त्यांच्या हाताला जास्त असतो. आमच्या गोव्यात कोकणीत 'गावठी वखद' म्हणतात, वखद म्हणजे औषध, आणि वखद देणाऱ्या आजीला पैसे विचारले तर रागावते. पैसे घेतले की हातगुण जातो अशी समजूत.

स्टेथो:

ही समजूत माझ्या पेशंटना सांगू नका म्हणजे झालं.

पाटपाणी:

'वेलनेस'लाही शब्द आहे, बरं का. स्वास्थ्य. मराठीत 'चित्ताला स्वास्थ्य नाही' म्हणायचे तेव्हा कुणाला ताप नसायचा. अजूनही मराठी माणूस 'अस्वस्थ' असतो म्हणजे येरझारा घालत असतो. हिंदीतला अस्वस्थ मात्र अंथरुणावर असतो. हल्ली बातम्यांत 'अभिनेता अस्वस्थ, रुग्णालयात दाखल' वाचतो तेव्हा मीच अस्वस्थ होतो. सुश्रुतानेही स्वस्थ माणसाच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू मोजून झाल्यावर शेवटी 'प्रसन्न आत्मा, इंद्रिये आणि मन' घातलंय.

चौकस:

मग मथळा 'स्वास्थ्यासाठी पूरक उपचार'. खाली एक ठळक ओळ: 'डॉक्टरांनी दिलेली औषधे चालू ठेवावीत.' मसाजपुढे 'अंग हलके होते, झोप बरी लागते', कपिंगपुढे 'आखडलेल्या स्नायूंना काही वेळ आराम पडतो, त्वचेवर काही दिवस डाग राहतात'. पाठवलं. उत्तर आलं: 'काही वेळ' काढता येईल का? मी नाही म्हटलंय. अजून पैसे यायचेत, तेव्हा बघू.

एक शेवटचं राहिलं. मसाजचे चार प्रकार आहेत आणि चारींना 'मालीश' लिहून कंटाळा आलाय. क्रियापदं सुचवा.

काजूबी:

बाळंतिणीला 'चोळतात'. बाळाला 'माखतात' आणि त्याची टाळू तेलाने 'भरतात'. दिवाळीत उटणं 'लावतात', गुडघ्याला तेल 'जिरवतात'.

बार्शी लाईट:

पैलवानाला तालमीत 'रगडतात'. डीप टिश्यू का काय ते असेल तर हेच लिहा, गिऱ्हाईक तयारीने येईल.