‘हॉटेल कॅलिफोर्निया’ तुमच्यापर्यंत कसं पोचलं? (अनुभव धागा)

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचा हा अल्बम ८ डिसेंबर १९७६ ला आला. शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचं, त्यातली शेवटची दोन मिनिटं नुसती गिटार. मे १९७७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. आमच्यातल्या कित्येकांना शब्द धड कळले नव्हते, तरी गाणं सुटलं नाही. अर्थाची चर्चा खूप झालीय, ती नको. पहिल्यांदा कुठे ऐकलंत आणि अजून का ऐकता, तेवढं मनापासून लिहा.

डोंबिवली
माझं गाणं १९९४ च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ या ईगल्सच्याच लाइव्ह अल्बममधलं. दादा लॅमिंग्टन रोडला स्पीकर घ्यायला गेला, तर दुकानदाराने हेच लावून दाखवलं. घरी आम्ही जाळी काढून ठेवली होती. ठेका सुरू झाला की वूफरचा काळा कागद थरथरायचा, मी त्यावर तळहात धरून बसायचे. ओळखीची धून लागताच प्रेक्षकांतून जो आवाज उठतो ना, तिथे आजही अंगावर काटा येतो.

पुणे
कॉलेजात गिटार शिकत होतो. ई मायनरपासूनचे सगळे कॉर्ड बरोबर, पण रेकॉर्डशी सूर जुळेना. महिनाभराने सरांनी सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावला, म्हणाले, “आता वाजव.” पहिल्या चार सुरांतच गाणं खोलीत आलं!

चाल बँडचा गिटारिस्ट डॉन फेल्डर याची. मालिबूला समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात त्याने डेमो टेप केला होता. पुढे मायामीत रेकॉर्डिंगच्या वेळी तो आणि बँडचा दुसरा गिटारिस्ट जो वॉल्श शेवटच्या सोलोत नवं काही वाजवायला लागले, तर गायक आणि ड्रमर डॉन हेन्लीने थांबवलं. डेमोत आहे तस्संच हवं! कॅसेट राहिली होती लांब, घरी. फेल्डरने घरकामाच्या बाईंना फोन करून ती लावायला सांगितली आणि फोनवर ऐकून स्वतःचंच वाजवणं पुन्हा बसवलं. त्या सोलोतली एकही जागा हलवावीशी वाटत नाही, ती यामुळेच, असं मला वाटतं.

जहाजावरून
मेसरूममध्ये कराओके असतो. एकमेकांची भाषा जेमतेम येते, पण हे गाणं लागलं की सगळे एका सुरात.

सातारा
आईला इंग्रजी येत नाही. बाबा गेल्यावर संध्याकाळी घर फार शांत वाटायचं, म्हणून मी हे लावायचे. एकदा फोडणी देता देता ती थांबली. “अगं, ही तर जुगलबंदी आहे. एक बोलतो, दुसरा ऐकून घेतो, मग उत्तर देतो. आणि शेवटी दोघं मिळून.” इतकी वर्षं ऐकूनही मला हे असं नेमकं सांगता आलं नव्हतं. आता गिटार सुरू झाली की ती गॅस बारीक करून ओट्यापाशी उभी राहते. सूर विरत विरत जातात, तेव्हा दर वेळी विचारते, “ते दोघं पुढे वाजवत राहिले असतील ना गं?”