ज्युनियर हायचे आकडे कसे वाचायचे? (शिकागो उपनगर, सातवी)

वळीव
मंडळी, येत्या ऑगस्टात लेक सातवीत जाईल. शिकागोच्या वायव्य उपनगरांत दोन घरं मनात भरली आहेत, पण दोन्हींची पब्लिक ज्युनियर हाय (हायस्कूलच्या आधीची शाळा) वेगळी. शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स साइटवर एकीला ८, दुसरीला ५. आठवालीत निम्म्याहून जास्त मुलं एशियन, लो-इन्कम अगदी थोडी. पाचवालीत निम्मी मुलं हिस्पॅनिक, लो-इन्कमही जवळपास तेवढीच, इंग्लिश लर्नर (इंग्रजी अजून शिकणारी मुलं) बरेच. नवरा म्हणतो, आठ ते आठ, विषय संपला. मी मात्र पाचवालीचे वर्ग बघून आले आणि मला आवडले. लेक गणितात चांगली आहे, स्वभावाने बुजरी. नक्की कुठले आकडे बघू?

खडूस_काका
८. घर विकायची वेळ आली की कळेल का ते.

पाटीपेन्सिल
काका 😄

वळीव, मी इथल्याच एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑफिसात आहे, दिवसभर हेच तक्ते चाळते. तो एक आकडा बाजूला ठेवा आणि राज्याची, शाळावार आकडे देणारी इलिनॉय रिपोर्ट कार्ड ही साइट उघडा. २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स कायद्यामुळे तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा होते, आणि निकाल वंश, उत्पन्न, इंग्लिश लर्नर, स्पेशल एज्युकेशन असे गटवार जाहीर करावे लागतात. तुमच्या कामाचा माल तिथे आहे.

आधी 'प्रोफिशियन्सी' आणि 'ग्रोथ' वेगळे करा. प्रोफिशियन्सी म्हणजे किती टक्के मुलं राज्याने ठरवलेल्या मार्कांच्या रेषेच्या वर आहेत. यात मुलं घरून काय घेऊन आली तेच जास्त दिसतं. ग्रोथमध्ये प्रत्येक मुलाची तुलना राज्यभरातल्या अशा मुलांशी होते, ज्यांचे आधीचे मार्क त्याच्याइतकेच होते. ५० म्हणजे मधोमध. स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या निकालांवर काम केलंय. त्यात सरासरी मार्क घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेले दिसतात, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात याचा परिस्थितीशी संबंध बराच सैल आहे. म्हणून लो-इन्कम जास्त म्हणजे शिकवणं कच्चं, असा हिशेब लावू नका.

इंग्लिश लर्नरच्या आकड्याने तर भलेभले फसतात. इंग्रजी पुरेसं आलं की मूल त्या गटातून बाहेर पडतं, त्याच्या जागी नवं मूल येतं. म्हणजे गटातली हुशार पोरं दरवर्षी काढून घ्यायची आणि मग म्हणायचं, हा गट कायम मागे का? तो आकडा खाली असणारच. त्यापेक्षा किती मुलं त्या गटातून बाहेर पडतायत, ते शाळेला विचारा.

आणि एकाच वर्षावर जाऊ नका. गटात वीस-पंचवीस मुलं असली की चार जणांनी टक्केवारी हलते. दहापेक्षा कमी असतील तर आकडा छापतच नाहीत. मात्र राज्याने २०२५ मध्ये प्रोफिशियन्सीच्या रेषाच बदलल्या, त्यामुळे त्याआधीच्या टक्क्यांशी थेट तुलना करू नका. 'शाळा एकदम सुधारली' असं कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या.

कोपरखळी
पाटीपेन्सिल यांना अनुमोदन, एक भर घालते. आठवाल्या शाळेतली किती मुलं संध्याकाळी गणिताच्या क्लासला जातात, ते कुठल्याच कार्डावर येत नाही. मार्क शाळेच्या खात्यात जमा होतात, फी आईबाप भरतात. आमच्याकडे असंच चित्र आहे. बुजऱ्या मुलीला ती शर्यत मानवेल का, हे तुम्हालाच ठाऊक.

माळरान
थोडं उलट बोलतो. ग्रोथ वगैरे ठीक, पण गणितात पुढे असलेल्या पोरीला बरोबरीची चार पोरं लागतात. आठवीत अल्जेब्रा वन (एरवी हायस्कुलात येणारा बीजगणिताचा कोर्स) घेणारी मुलं किती, त्याच्या तुकड्या किती, ते आधी विचारा. एकच तुकडी असेल तर ती नेमकी बँडच्या तासाला येते आणि मूल कात्रीत सापडतं. सातवीच्या वाटा सहावीच्या शेवटी ठरतात, म्हणून बाहेरून येणाऱ्या मुलाला कशाच्या आधारावर बसवतात हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी मॅप टेस्टचे (शाळेत कॉम्प्युटरवर होणाऱ्या चाचणीचे) मार्क बघतात, जुन्या शाळेतून ते आत्ताच मागवून ठेवा.

वळीव
सगळ्यांचे आभार! काल रात्री कार्ड उघडून बसलो. गणिताची ग्रोथ पाचवालीत ५४, आठवालीत ४७. एशियन मुलांची प्रोफिशियन्सी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. नवरा गप्प झालाय. अल्जेब्राच्या तुकड्या आठवालीत चार, पाचवालीत दोन.

माळरान
दोन असतील तर माझी हरकत मागे.

पाटीपेन्सिल
५४ आणि ४७ हा फरक चांगलाच आहे, फक्त मागच्या दोन वर्षांतही तसाच आहे का ते बघा. अजून एक: या भागात आठवीपर्यंतचा डिस्ट्रिक्ट आणि हायस्कूलचा डिस्ट्रिक्ट बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. दोन-तीन ज्युनियर हायची मुलं पुढे एकाच हायस्कुलात जाऊ शकतात, तर कधी एकाच ज्युनियर हायची मुलं दोन हायस्कुलांत विभागली जातात. दोन्ही पत्ते हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून बघा. घराच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका.

वळीव
बघितलं, दोन्ही पत्ते एकाच हायस्कुलात! पण आता नवऱ्याने नवं शोधलंय. पाचवालीत 'क्रॉनिक अ‍ॅब्सेंटीझम' जास्त आहे. हे किती मनावर घ्यायचं?

पाटीपेन्सिल
वर्षातले दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं त्यात मोजतात. कोविडनंतर हा आकडा सगळीकडेच फुगला. खाली येतोय का ते बघा, आणि कौन्सेलरला विचारा की गैरहजर मुलाच्या घरी फोन कोण करतं आणि कितव्या दिवशी. चटकन नावासकट उत्तर आलं तर काळजी नको. 'आमची पॉलिसी आहे' एवढंच आलं, तर मी आठवालीलाही एकदा भेट देऊन येईन.

खडूस_काका
माझं मत अजून ८ च.