‘धातू काढा, किडनीचा कॅन्सर टाळा’ म्हणे!

निशिगंध: “केसांची तपासणी करून घ्या, शरीरातले जड धातू सात दिवसांच्या डिटॉक्स काढ्याने काढून टाका, किडनीचा कॅन्सर जवळ फिरकणार नाही.” मेधाताई, तुमचं कालचं हे वाक्य वाचून राहवलं नाही. या जड धातूंपैकी कॅडमियम किडनीत साठतं, मान्य. पण तिथे ते मेटॅलोथायोनिन या प्रथिनाला धरून पेशींच्या आत बसतं. निम्मं कमी व्हायलाच 10 ते 30 वर्षं जातात. सात दिवसांच्या काढ्याने ते निघेल कसं? आणि केसांवर धूळ, रंग, शाम्पू सगळंच बसलेलं असतं, त्यावरून शरीराच्या आतलं काय कळणार?

मेधा: म्हणजे धातू निर्धोक? आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, 1993 सालीच कॅडमियमला पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्यांत, टाकलंय.

तळटीप: फुप्फुसाच्या कॅन्सरवरून टाकलंय. किडनीशी संबंध दिसतो, पण पुरावा तेवढा पक्का नाही. त्यात तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात ओढून घेतं, आणि सिगारेटने किडनीचा कॅन्सर होतो हे तर सिद्धच आहे. मग दोष धातूचा किती नि धुराचा किती? आधी सिगारेट सोडा, मग धातू मोजा.

पाणकणीस: आली सिगारेट! माझ्या बाबांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही. निकेल-कॅडमियम बॅटरीच्या कारखान्यात 22 वर्षं काढली. मास्क मागितला तर तोंडाला बांधायला फडकं मिळालं. घरी आले की शर्टाच्या कॉलरच्या आत तपकिरी भुकटीची रेघ असायची, ती आई ब्रशने घासायची. डावी किडनी काढावी लागली. त्यांना काय सोडायला सांगता?

तळटीप: त्यांच्याबद्दल बोललो नव्हतो. पण एका माणसावरून कारण ठरत नाही.

पाणकणीस: ठरणार कसं? नोकरीत असताना कुणी लघवीतलं कॅडमियम मोजलं का? रक्तात मुख्यतः अलीकडचं दिसतं, वर्षानुवर्षांचं लघवीत. तेही किडनी बिघडल्यावर मोजलं तर आकडा फसवतो. मोजायचं तेव्हा मोजलं नाही, आणि आता आम्हालाच पुरावा मागता!

तळटीप: हे बरोबर आहे. सिगारेटचं मी सगळ्यांना सरसकट लावायला नको होतं.

मेधा: म्हणूनच किलेशन करा म्हणते, म्हणजे धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध घ्या.

निशिगंध: नका हो सांगू असलं! माझ्या मावशीने कुणाच्या तरी सांगण्यावरून ईडीटीए या किलेशनच्या औषधाचं सलाइन लावून घेतलं. कॅल्शियम इतकं उतरलं की बोटं आखडली, चमचा धरता येईना. शिशाच्या विषबाधेत किलेशन लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. साठलेल्या कॅडमियमवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

मेधा: ठीक आहे, केसांचं आणि किलेशनचं मागे घेते. कारखान्यांचं नाही घेणार.

पाणकणीस: ते घेऊही नका. आणि धातू राहू द्या बाजूला, बाबांना एकदाच लालसर लघवी झाली होती. दुखलं नाही, म्हणून उष्णता समजून तीन महिने घालवले. असं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.