रि: काकांची बंदूक आणि वायंगणातल्या अडया

बाबी:
मंडळी, शनिवारी गावी गोव्याला निघतोय म्हणून घाईत लिहितो. मुलाकडे इथलं अमेरिकेचं हंटिंग लायसन आहे, बदकांच्या शिकारीला लागणारा २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्पही सही करून घेतलाय. गावी काकांची बारा बोअर बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या लायसनची. अडया, म्हणजे रानबदकं, वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) तरव्यात (रोपांत) उतरून नासधूस करतात असं काका फोनवर सांगत होते, तर मुलाने दोन पाडल्या तर चालेल ना? फॉर्म कुठे मिळतो?

अण्णा:
फॉर्मच नाही रे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात आधी शिकारीची लायसनं होती, १९९१च्या दुरुस्तीत ती कलमं गेली. काकांचं लायसन बंदूक बाळगायचं, पक्षी मारायचं नव्हे, आणि ती बंदूक मुलाने चालवली तर तो वेगळाच गुन्हा. अडई मारली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

बाबी:
पण नासधूस खरी आहे ना अण्णा? शेतकऱ्याने करायचं काय?

माई:
मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज करायचा, कारण नोंदवून त्यांचा लेखी हुकूम आला तरच, आणि तोही ज्याच्या नावाने असेल त्यालाच. आमचे आजोबा करमळीच्या तळ्यावर पहाटे बंदूक घेऊन जायचे, घरात कोणाला त्याचं काही वाटत नसे. तो काळ गेला बाबा.

दादा:
माई, शिकारी म्हणजे वाईट असं लिहू नका. डक स्टॅम्प १९३४पासून आहे, त्याच्या दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा राखायला जातात.

माई:
दादा, मी वाईट कुठे म्हटलं? वर परत वाचा.

अण्णा:
बाबी, मुलाला कुडचड्याचं नंदा तळं दाखव, २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच. मी रविवारी सगळ्यांना नेतो.

दादा:
सहलीचं माझ्याकडे आहे अण्णा, तारीख परस्पर ठरवू नका, मागच्या वेळी दोन गाड्या दोन ठिकाणी पोचल्या होत्या.

माई:
तारखेचं नंतर बघा. बाबी, मुलाचं शिकारीचं जॅकेट बॅगेत टाकू नकोस, खिसे उलटे करून बघ. आमच्या भाच्याच्या खिशात एक जिवंत काडतूस राहिलं होतं, विमानतळावर अडवलं, फ्लाईट गेली, वर वकील करावा लागला.

बाबी:
माई, आत्ताच बघितलं. आतल्या खिशात दोन निघाली.