परवानाधारकानं परवानाधारकाला हत्यार विकलं, तर पोलिसांना नाव कशाला?

गिरणगावकर
परवा 'दुनळी' या टोपणनावानं लिहिणाऱ्या सभासदानं इथे लिहिलं : "दोन परवानाधारक आपसात रिव्हॉल्व्हर विकतात-घेतात, तेव्हा खरेदीदाराचं नाव-पत्ता पोलिसांना का द्यायचा? दोघांची चौकशी परवाना देताना झालेलीच आहे. अमेरिकेत एकाच राज्यातले दोन शेजारी कागदाशिवाय हा व्यवहार करतात." दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या सासऱ्यांकडे बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. व्यापारी माणूस, रोज रोकड घेऊन घरी यायचे. दुकान बंद केल्यावर त्यांनी ते एका कंत्राटदाराला विकलं. रीतसर लेखी कळवलं, ४५ दिवस थांबले, मग हत्यार दिलं. तीन वर्षांनी पहाटे साडेपाचला दारात पोलीस. कंत्राटदाराकडून ते चोरीला गेलं होतं आणि भलत्याच माणसाकडे सापडलं होतं. नंबरावरून माग काढत ते मूळ मालकाकडे, म्हणजे आमच्याकडे आले. सासूबाईंनी कपाटातून शिक्का मारलेली पोचप्रत काढली. अर्ध्या तासात मंडळी चहा घेऊन गेली. ती प्रत नसती तर सत्तरीच्या माणसाला किती फेऱ्या माराव्या लागल्या असत्या, याचा विचार करा.

अमेरिकेचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. तिथे १९८६ च्या कायद्यानं केंद्रीय नोंदवहीलाच बंदी घातली. गुन्ह्यात हत्यार सापडलं की कारखाना, घाऊक विक्रेता, दुकानदार, पहिला खरेदीदार असा माग काढतात. पहिल्यानं ते कागदाशिवाय शेजाऱ्याला विकलं असेल, तर पुढचं सगळं त्याच्या आठवणीवर. आणि तिथेही सगळीकडे मोकळीक नाही. कॅलिफोर्नियात दोन खाजगी माणसांनासुद्धा व्यवहार दुकानदारामार्फतच करावा लागतो.

दुनळी
सासऱ्यांचा अनुभव मान्य. आता माझा ऐका. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतील असं ठरलं. माझ्याकडे तीन. वडिलांची बारा बोअर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, सोडवेना, म्हणून जुनं विलायती पिस्तूल विकायला काढलं. गिऱ्हाईक विरारचा, परवाना चोख. मी पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये विचारतात, "काय, पिस्तूल विकताय म्हणे? कितीला?" सोबत दुधवाला उभा.

त्यांना कुठून कळलं? मी फक्त बायकोला आणि ठाण्याला सांगितलं होतं. ज्यांना या बाजाराची माहिती आहे त्यांना सांगायला नको : ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती पिस्तुलाला लाखांत भाव येतो. माझ्या घरात असा ऐवज आहे हे अख्ख्या बिल्डिंगला कळलं. त्या ४५ दिवसांत मी एकही रात्र धड झोपलो नाही. परवाना स्वसंरक्षणासाठी घेतला होता आणि त्याच्या कागदानंच मला उघड्यावर आणलं.

अमेरिकेतलंच सांगतो. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका वर्तमानपत्रानं परवानाधारकांची नावं-पत्ते नकाशावर छापले. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्याच संकेतस्थळावरून परवानाधारकांची माहिती फुटली. नोंद केली की ती कधीतरी बाहेर येतेच. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तो ठाण्याच्या उंबरठ्यावर संपतो का?

कायदेकानू
दोघांनीही कलम नीट वाचावं. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट. जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याचा प्रभारी अधिकारी यांना विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा आणि किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. ही सूचना आहे. टेबलावर मात्र तिची परवानगी होते. "नाहरकत आणा, मग बघू." माझ्या एका अशिलाचे ४५ चे २१० दिवस झाले.

कंटाळून कोणी परस्पर हत्यार देऊ नका. २०१९ नंतर कलम ५ मोडून विक्री-हस्तांतरण केलं तर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. दुनळी, खाजगीपणाच्या त्याच निकालात मर्यादाही आहेत : कायद्याचा आधार, रास्त हेतू, प्रमाणबद्धता. नोंद या तिन्हीत बसते. सेक्रेटरीच्या कानावर जाणं यातल्या एकातही बसत नाही. तुमचं भांडण नोंदीशी नाही, ती फोडणाऱ्याशी आहे.

शिवडी_नाका
मुंबईत बंदूक हवीच कशाला, हे कोणीच विचारत नाही. फेब्रुवारी २०२४, दहिसर. फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना गोळ्या घातल्या. हत्यार मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणजे नोंद होती. काय उपयोग झाला? मी दोन मुलांची आई आहे. शेजारच्या कपाटात काय आहे हे कळण्याचा हक्क मला नाही का?

दुनळी
नाही, ताई. तो हक्क तुम्हाला नाही. पोलिसांना आहे, तेवढा पुरे.

गिरणगावकर
चला, "पोलिसांना आहे" एवढं तुमच्या तोंडून आलं.

चाकरमानी_भांडुप
तुम्ही शहरातल्या पिस्तुलांवर भांडताय. आमची गावची एकनळी बंदूक शेतीसंरक्षणाची. परवाना बाबांच्या नावावर, रानडुकरं आणि वानरांसाठी. प्रत्येक निवडणुकीला ठाण्यात जमा. २०२४ मध्ये दोनदा. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. कोकणात तेव्हा भात कापायला आलेलं असतं! बाबा ७४ वर्षांचे. बंदूक खांद्याला लावून एसटीनं तालुक्याला गेले. परत येईपर्यंत डुकरांनी खालचा अख्खा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, लोळवला. मी फोनवर होतो, बाबा एवढंच म्हणाले, "आता कापूचा काय?" त्या दिवशी ऑफिसात माझ्या हातून काही काम झालं नाही.

कायदेकानू
सरसकट जमा करून घेणं चूकच आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे छाननी समितीनं एकेक परवाना तपासायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांची हत्यारं घ्यायची. शेतकऱ्यानं सूट मागायला अर्ज करावा.

चाकरमानी_भांडुप
अर्ज केला होता. उत्तर निकाल लागल्यावर आलं.

मालवणी_माणूस
आमच्याकडे वानरांनी नारळ ठेवला नाही. आवाजाचे फटाके लावून झाले, कुत्रे पाळून झाले. वानर चार दिवसांत ओळखतात की बंदूक घरात नाही. नुकसानभरपाईचा पंचनामा करायला माणूस येईपर्यंत झाडाखाली पुरावाही उरत नाही.

शिवडी_नाका
विषय काय, चाललंय काय! वानरांसाठी वेगळा धागा काढा.

चाकरमानी_भांडुप
ताई, तुम्ही ज्या तांदळाचा भात खाता तो कोणीतरी राखलेला असतो. विषय नोंदीचाच आहे, पूर्ण ऐका. जमा करताना हवालदारानं रजिस्टरात बंदुकीच्या नंबरातला एक आकडा चुकवला. ३ चा ८. परत घ्यायला गेल्यावर "ही तुमची नाहीच." परवाना पुस्तिका एक सांगते, रजिस्टर दुसरं. तीन आठवडे आणि माझ्या चार रजा गेल्या. बाबांना तर वाटलं आपल्यावर खटला होणार, जेवण सोडलं होतं त्यांनी. आता गिरणगावकर, तुमची पोचप्रत कामी आली, कारण लिहिणाऱ्यानं नंबर बरोबर लिहिला होता.

दुनळी
हेच! हेच मी दोन दिवस सांगतोय.

गिरणगावकर
नाही, तुम्ही हे सांगत नव्हतात. तुम्ही नोंदच नको म्हणत होतात. चाकरमानी म्हणतायत, नीट ठेवा. नोंदच नसती तर ती एकनळी त्यांचीच आहे हे कशावर सिद्ध केलं असतं? पुस्तिकेवरच ना?

दुनळी
आवाज चढवू नका. माझ्या दारावर कोणी आलं असतं तर तुमच्या सासऱ्यांची पोचप्रत मला वाचवायला येणार नव्हती.

कायदेकानू
दोघंही जरा शांत व्हा. शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय माहिती-साठवण झाली आहे, प्रत्येक परवान्याला स्वतंत्र ओळख क्रमांक आहे. तिथे विक्रीची नोंद थेट होऊन ठाण्याच्या टेबलावर फक्त क्रमांक दिसला, नाव नाही, तर सेक्रेटरीपर्यंत काही जाणार नाही. नाव कोणी, कधी उघडलं याची नोंदही तिथेच राहावी.

दुनळी
हे असेल तर नाव द्यायला माझी ना नाही. पण आधी ते करून दाखवा. तोवर मी मागे हटलो असं कोणी समजू नये. आणि ४५ दिवस म्हणजे ४५ दिवसच.

गिरणगावकर
बघणाऱ्याची नोंद हवी, हे कायदेकानूंचं बरोबर आहे. सेक्रेटरीचा प्रसंग वाचून मला राग आला होता, पहिल्या उत्तरातच लिहायला हवं होतं. बाकी मुद्दा सोडत नाही.

चाकरमानी_भांडुप
वकीलसाहेब, एक विचारतो. बाबांना आता बंदूक झेपत नाही. भावाच्या नावावर करायची तर हीच ४५ दिवसांची सूचना लागते का? नंबर त्या रजिस्टरात अजून चुकीचाच आहे.

कायदेकानू
आधी नंबर दुरुस्त करून घ्या. लेखी अर्ज, पुस्तिकेची प्रत, पोच शिक्क्यासह. भावाचा स्वतःचा परवाना लागेलच, त्याचा अर्ज लगेच टाका. सूचनेचा मसुदा मी लिहून देतो, बंदूक हातात द्यायची घाई करू नका. बाबांना सांगा, घाबरायचं कारण नाही.