फुकट वेगळं, मुक्त वेगळं

मुक्त सॉफ्टवेअरबद्दल दोन मुद्दे ऐकू येतात. सॉफ्टवेअर फुकट मिळालं की परवाना कोण वाचतो, हा एक. जीपीएलचं (जनरल पब्लिक लायसन्स या मुक्त परवान्याखालचं) सॉफ्टवेअर विकता येत नाही, हा दुसरा. दोन्ही मला पटत नाहीत.

ठाण्यात नौपाड्यात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम आहे. मागे एक फुकटचा फॉन्ट घेतला, त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. पत्रिकेच्या प्रूफावर आजोबांनी बोट ठेवलं, “हा आपला ल नव्हे.” बदलायला गेलो तर परवान्यात फेरफाराला साफ मनाई!

मग ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे फेरफाराला मुभा देणाऱ्या परवान्याचा फॉन्ट घेतला. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बदलायच्या प्रोग्राममध्ये उघडून दोन रात्री बसलो, उजवी दांडी काढून ल दोन पाकळ्यांचा केला. अटी सोप्या आहेत: मूळ नाव राखीव असेल तर आपल्या आवृत्तीला ते द्यायचं नाही, परवाना तोच ठेवायचा, नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. पत्रिकेचे पैसे खुशाल घ्या, छापलेल्या मजकुराला तो परवाना लागू होत नाही.

जीपीएलमध्ये तर प्रोग्राम विकायलाही मुभा आहे, १९८९ च्या पहिल्या आवृत्तीपासून. मात्र घेणाऱ्याला सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) मिळालाच पाहिजे, आणि तो बदलायचा, पुढे वाटायचा हक्कही. बदल स्वतःपुरता ठेवलात तर कुणाला काही द्यावं लागत नाही.

माझा फॉन्ट कळव्यातल्या दोघांना दिला. एकाने त्यातला ‘ऱ्य’ नीट करून फाइल मला परत पाठवली. आता तीच वापरतो.